शिकवल्याशिवाय गन हातात देणाऱ्या ठेकेदारास खुले पत्र

ठेकेदार साहेब,

स. न. वि. वि. लिहिण्याइतका सद्भाव माझ्यात उरलेला नाही, म्हणून सरळ विषयाला येतो. तुमच्या कार्डावर ‘पीयू फोम स्प्रे, वॉटरप्रूफिंग व रूफिंगची सर्व कामे’ असं छापलेलं आहे. ती सर्व कामे तुमची पोरं करतात. त्या पोरांना ती कुणी शिकवली हे कार्डावर नाही, कारण कुणीच शिकवलेली नाहीत.

मे महिन्यातली तुमची धावपळ मी दरवर्षी बघतो. भिवंडीची गोदामं, चाकणच्या शेड, तासगावकडची बेदाण्याची कोल्ड स्टोअरेज, सगळ्यांना छताचं काम पावसाच्या आत हवं असतं. तुम्ही कुणालाच नाही म्हणत नाही. फोम मारायची गन धरता येणारा जाणता माणूस एक आणि साइट तीन. मग काल ड्रम ढकलणारा पोरगा आज गन घेऊन पत्र्यावर उभा राहतो. गावाकडून येऊन त्याला पुरते पंधरा दिवसही झालेले नसतात. मालकाने विचारलंच तर तुमचं उत्तर ठरलेलं आहे: “काम करता करता शिकतो साहेब, आम्हीपण तसेच शिकलो.”

हे उत्तर अर्धं खरं आहे आणि म्हणूनच चीड येते. हा धंदा साइटवरच शिकता येतो. हॉटेलच्या हॉलमध्ये स्लाइड बघून किंवा मशीन विकणाऱ्या कंपनीचा व्हिडिओ बघून हात बसत नाही. पण साइटवर शिकायचं तर शेजारी शिकवणारा उभा लागतो, सरावाला टाकाऊ पत्रा लागतो, आणि चूक झाली की ‘थांब’ म्हणायला वेळ लागतो. तुम्ही यातलं काहीच देत नाही. सरावाचा पत्रा म्हणून गिऱ्हाइकाचं छत वापरता आणि फीच्या जागी पोराची छाती.

मागच्या पावसाळ्यात तुमच्याच एका गोदामाच्या कामाची पाहणी करायला मला बोलावलं होतं. पत्र्यावरचा फोम हाताने उचलला तर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून आला. खाली पत्र्यावर धूळ जशीच्या तशी होती आणि गंजाची पूड होती. म्हणजे पत्रा ना घासला होता, ना पुसला होता. दोन जागी कापून बघितलं. एका तुकड्याचा हातात चुरा झाला, दुसरा स्पंजासारखा दबत होता आणि त्याला वास येत होता. वरचा यूव्हीचा कोट अर्ध्या छतावर नव्हताच, त्यामुळे फोम उन्हाने पिवळा पडून भुसभुशीत झाला होता. मालक म्हणाला, मटेरियल डुप्लिकेट निघालं. तसं त्याला तुम्हीच सांगितलं होतं. मटेरियल चांगलं होतं साहेब. गन धरणाऱ्याला मशीनवरचे दाबाचे दोन काटे वाचायला कुणी सांगितलं नव्हतं.

हे दोन काटे म्हणजे या कामाची मुळाक्षरं. एका ड्रममध्ये आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिओल. दोन्ही गरम पाइपमधून हजार-बाराशे पीएसआयच्या दाबाने येतात आणि गनच्या तोंडाशी सारख्या मापात एकत्र होतात. काही सेकंदांत द्रव फुगून घट्ट होतो. एका बाजूची जाळी तुंबली की दोन काट्यांत फरक पडतो. शिकलेला माणूस तिथेच बोट सोडतो. न शिकलेला मारत राहतो, कारण गनमधून काहीतरी येतंय आणि ते फुगतंयही. आयसो जास्त गेला तर फोम ठिसूळ, पॉलिओल जास्त गेलं तर मऊ. त्या दिवशी छत छान दिसतं, तुमचा चेक निघतो आणि दोष वर यायला पुढचा ऋतू लागतो.

ओलाव्याचंही तसंच. आयसो पाण्याशी अभिक्रिया करतो. जूनच्या पहिल्या सरीनंतर पत्रा डोळ्याला कोरडा दिसला तरी पहाटेच्या दवाचा थर त्यावर असतो, फोम त्या ओल्यावर बसतो आणि पत्र्याला धरत नाही. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या निदान तीन अंश वर असेल तेव्हाच मारायचं, हे तपासायला एक छोटं यंत्र पुरतं. ते तुमच्या गाडीत नाही. एका हाताला किती जाडी भरायची, हेही पोराला माहीत नाही. फोम घट्ट होताना स्वतःची उष्णता तयार करतो. दोन इंचांच्या वर एकाच वेळी भरला तर ती उष्णता आत कोंडते, आतला भाग काळा पडतो आणि काही वेळा कामगार घरी गेल्यावर पेटतोही. तुम्हाला मात्र एकाच दिवसात साइट रिकामी करायची असते, म्हणून पोरगा एकाच दमात जाडी गाठतो.

छत परत करता येतं. आता जे परत करता येत नाही त्याबद्दल.

भोपाळला १९८४ साली गळला तो मिथाइल आयसोसायनेट. तुमच्या ड्रममधलं रसायन ते नाही, त्याला एमडीआय म्हणतात. खोटी भीती घालून मला माझं म्हणणं पटवायचं नाही. पण एमडीआयच्या फवाऱ्याने दमा होतो, हे जगभरच्या कामगार-आरोग्याच्या डॉक्टरांना ठाऊक आहे. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने त्याची हवेतली कमाल मर्यादा घातली आहे ०.०२ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा कोटी भागांत दोन भाग, आणि ती क्षणभरही ओलांडायची नाही. नाकाला वास कळेपर्यंत ही मर्यादा कधीच मागे पडलेली असते. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही छाती आवळते. मग त्या माणसाला हा धंदा कायमचा सोडावा लागतो.

आणि तुम्ही काय देता? कापडी मास्क. काही साइटवर तर खांद्यावरचा गमछा. त्यातून एमडीआय सरळ आत जातो. उघड्या छतावर योग्य काडतुसाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो, आणि दाढी असेल तर तोही बसत नाही. कोल्ड स्टोअरेजच्या बंद खोलीत बाहेरून नळीने ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. बंद खोलीतल्या कामाला तुम्ही दर जास्त लावता, तो जास्तीचा पैसा मास्कपर्यंत मात्र पोहोचत नाही.

त्रास पुष्कळदा काम संपल्यावर काही तासांनी सुरू होतो. पोरगा रात्री खोलीवर खोकत बसतो. सकाळी दवाखान्यात जातो, डॉक्टर खोकल्याचं औषध देतात. आपण काय मारतो त्याचं नाव पोराला माहीतच नाही, तर तो डॉक्टरांना काय सांगणार? ड्रमवरचा इंग्रजी कागद त्याला मराठीत किंवा हिंदीत वाचून दाखवायला किती वेळ लागतो, ठेकेदार साहेब? एका चहाइतका. तेवढाही तुम्ही दिलेला नाही.

गन साफ करतानाची गोष्ट त्याहून वाईट. दाब न सोडता कुणी तोंड उघडलं तर ती बारीक धार हातमोजा फाडून कातडीखाली शिरते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आतून बोट सडू लागतं. शस्त्रक्रिया लगेच झाली नाही तर ते कापावं लागतं. ‘हळद लाव’ म्हणणारे मुकादम मी पाहिले आहेत.

उंचीबद्दल तर काय बोलायचं. सिमेंटचा जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. ‘बोल्टच्या रेषेवरून चाल’ एवढं एकच वाक्य तुमच्याकडे प्रशिक्षण म्हणून चालतं. पण पाठीवर पाइपचं ओझं आणि नजर गनच्या तोंडाकडे असताना रेषा कोण सांभाळणार? मध्येमध्ये उजेडासाठी बसवलेले फायबरचे पत्रे असतात. त्यांच्यावर फोमचा फवारा बसला की सगळं छत एका रंगाचं होतं आणि ते ओळखूही येत नाहीत. फळ्या टाका, दोर बांधा, पट्टा अडकवा, खाली जाळी लावा. उंचीवर काम करणाऱ्याला पडण्यापासून वाचवण्याची जबाबदारी कायद्यातच लिहिलेली आहे. फोम फवारण्याच्या कामासाठी आयएस १२४३२ हे भारतीय मानकही आहे. दोन्ही कागद तुमच्या टेंडरमध्ये जोडलेले असतात. टेंडर उघडून ते पोरांना समजावणारा कुणी नसतो.

“आमच्या लहान धंद्याला हे कसं परवडेल?” असं तुम्ही मला एकदा फोनवर विचारलंत. उत्तर देतो. अमेरिकेत स्प्रे पॉलियुरेथेन फोम अलायन्स ही धंद्यातल्याच लोकांची संघटना आहे. तिथे सहायकापासून मास्टर इन्स्टॉलरपर्यंत पायऱ्या आहेत, आणि वरच्या पायरीला प्रत्यक्ष साइटवर गन चालवून दाखवावी लागते. आपल्याकडे तसं काही उभं राहीपर्यंत थांबायची गरज नाही. पाऊस संपला की ऑक्टोबरमध्ये तुमचं मशीन थोडे दिवस मोकळं असतं. तुमचा जो एक जाणता माणूस आहे, त्याला पूर्ण मजुरी देऊन शिकवायला बसवा. भंगारातले पत्रे आणा. आधी मास्क घालायला शिकवा, मग काटे वाचायला, मग दाब सोडून गन उघडायला. त्यानंतर पोरांना मारू द्या, गार होऊ द्या, सुरीने कापू द्या. फोमच्या आतली जाळी बारीक आणि सारखी आहे का, पत्र्याला धरलंय का, हे त्यांचं त्यांना बघू द्या. वाईट तुकडेही ठेवा, बिघडलेला फोम हाताला कसा लागतो हे त्यांना कळलं पाहिजे. थोडं मटेरियल वाया जाईल. मी पाहिलेलं ते गोदाम तुम्हाला दुसऱ्यांदा करून द्यावं लागलं, तेव्हा किती गेलं?

स्वतःच्या मुलाला गाडी शिकवायला तुम्ही ड्रायव्हिंग स्कूल लावलं, शिकाऊ लायसन्स काढलं आणि पहिले काही महिने शेजारच्या सीटवर बसलात. बाप म्हणून योग्यच केलंत. छतावरच्या पोरालाही बाप आहे. तो लातूरकडे किंवा गोरखपूरकडे शेतात आहे आणि मुलगा शहरात हुनर शिकतोय असं गावात सांगतो. त्याचा हा विश्वास तुम्ही रोज मोडता. म्हणून मी तुम्हाला गुन्हेगार म्हणतो आणि हा शब्द मागे घेणार नाही.

आता गोदाम आणि शेडच्या मालकांना एक विनंती. पुढचं कोटेशन मागाल तेव्हा चौरस फुटाच्या दराबरोबर गन धरणाऱ्याचं नाव मागा. तो कुणाकडे आणि कुठे शिकला, हे त्याच्याच तोंडून ऐका. त्याचा मास्क बघा, छतावरचा दोर बघा, पहिल्या दिवशीचा तुकडा तुमच्यासमोर कापून मागा. यातलं एकही दाखवता आलं नाही, तर दर कितीही कमी असला तरी काम देऊ नका.