रूळ ओलांडलेले रुळेकर

त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे. पण आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना रुळेकरच म्हणतात, अर्थात पाठीमागे. नौपाड्यातली त्यांची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली, बिल्डरने भाडं सुरू केलं आणि अकरा महिन्यांचा करार करून हे गृहस्थ रूळ ओलांडून कोपरीत आले. पिनकोड ४००६०२चा ४००६०३ झाला, एवढंच काय ते स्थलांतर. पण ते सोपं समजू नका. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यात आली आणि तेव्हापासून ठाणेकरांचे दोन तट पडले. चेंदणी कोळीवाड्याचे तर रुळांनी सरळ दोन तुकडेच केले. नौपाड्यातला माणूस कामाला, लग्नाला, सहज म्हणून पुण्याला जाऊन येईल. कोपरीत यायचं म्हटलं की 'ईस्टला? तिकडे काय आहे?' असं विचारेल.

टेम्पो आला त्या सकाळी वहिनी एकेका खोक्यावरचं अक्षर लावत होत्या. 'काच, जपून.' 'देव.' 'देव आणि कुकरच्या शिट्ट्या.' रुळेकर सामानाच्या आसपासही नव्हते. ते खाली वॉचमनजवळ उभे राहून पाणी किती वाजता चढतं, पंप कोण लावतो आणि तो गावी गेला की कोण लावतो, याची चौकशी करत होते. वर दूध उतू घालायची वेळ झाली तेव्हा वहिनींना गॅलरीतून हाक मारावी लागली. "घर लावणं हिचं खातं," ते जिना चढता चढता मला म्हणाले, "मी बाहेरचं बघतो."

बाहेरचं त्यांनी कसं बघितलं ते सांगण्यासारखं आहे. त्याच संध्याकाळी ते आमच्या दारात वाटी घेऊन उभे. "वाटीभर साखर मिळेल का? आमची खोक्यात अडकलीय." साखर अजिबात अडकलेली नव्हती. दुपारीच वहिनींनी टेम्पोवाल्या पोरांना गोड चहा पाजला होता. पण रुळेकरांचा पक्का हिशेब असा, की नव्या जागी आधी मागावं. पेढे वाटत फिरणाऱ्याला लोक दारातूनच 'वा, छान' म्हणून वाटेला लावतात. मागायला आलेल्याला आत बसवावं लागतं. शिवाय वाटी रिकामी परत करायची नसते. आमची वाटी चिवडा घेऊन आली. मग आमच्या हिला काहीतरी देणं आलं. ती वाटी पुढे मजल्या-मजल्यावर फिरली, तीत कुणाचं लोणचं आलं, कुणाच्या करंज्या आल्या. शेवटी एका रविवारी शेजारच्या साईंच्या घरून ती दाल-पकवानमधल्या डाळीने भरून आली. रुळेकरांचं कोपरीत बस्तान बसलं ते त्या दिवशी, असं मी धरतो. घरात तेव्हा निम्मी खोकी बंदच होती. कुकरची शिट्टी सापडायच्या आत यांचा मतदार यादीतला पत्ता बदलायचा फॉर्म ८ मात्र भरून झाला होता. "आपल्या मतदारसंघाच्या नावात कोपरी आधी, पाचपाखाडी मागून," हेही त्यांनी मला ऐकवलं. मी जन्मापासून इथे मत देत असल्यासारखा राहतो, पण हे कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

इथपर्यंत कौतुकच. पंचाईत पुढे झाली. काही माणसं नव्या जागी रुळतात. रुळेकर रुळून पार पलीकडे गेले. महिना उलटायच्या आत 'तुमच्या कोपरीत'चं 'आमच्या कोपरीत' झालं, आणि मग 'पूर्वीची कोपरी' सुरू झाली. अष्टविनायक चौकात उभं राहून ते जुन्या पुलाच्या आठवणी काढतात. महामार्ग आठ पदरी आणि कोपरीचा पूल चार पदरी, त्यामुळे सगळी वाहनं पुलाच्या तोंडाशी कशी तुंबायची, हे ते हातवारे करून सांगतात. गोष्ट खरी आहे. पण पूल २०२३मध्ये पूर्ण रुंद झाला आणि रुळेकर आले त्याच्यानंतर. तरी "ती मजा गेली हो" म्हणून सुस्कारा टाकतात.

साईंनाही सोडत नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेली कुटुंबं कोपरी कॉलनीत वसली, त्यातलंच साईंचं घर. आईवडील तिकडचे, ते स्वतः इथेच जन्मलेले. त्यांना रुळेकर सांगतात, कोपरी तेव्हा किती निवांत होती! साईं मान डोलावतात, "बरोबर, बरोबर," आणि चहा मागवतात. ज्यांच्या घराने खरोखर मुलूख सोडला, त्यांना या विषयावर बोलायची फारशी हौस नसते, असं माझं निरीक्षण आहे.

रेल्वेचंही तेच. वाशी-पनवेलच्या गाड्या आपल्या बाजूच्या फलाटांवरून सुटतात, तेव्हा ठाण्याचं तोंड पूर्वेलाच आहे, असा त्यांचा नवा शोध. मामलेदार मिसळीचा विषय निघाला तर "एवढं पलीकडे कोण जाणार?" म्हणतात. नौपाड्यात असताना घरून चालत जायचे.

परवा तिसऱ्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं. रुळेकर लिफ्टपाशी तयारच.

"सामान जिन्याने न्यायचं. कुठून आलात?"

"डोंबिवलीहून, काका."

"अरेरे. मग इथलं अंगवळणी पडायला जरा वेळ लागेल. आमची कोपरी वेगळी आहे."

"नाही, म्हणजे मी लहानपणी इथेच होतो. मंगला हायस्कूलला."

रुळेकर क्षणभर थांबले, पण क्षणभरच. "असं का? मग आता तुम्हाला शाळा सापडायची नाही. संध्याकाळी मोकळे झालात की या, मी दाखवतो."

तो बिचारा "हो काका" म्हणाला. त्याच्या हातात गॅसची शेगडी होती.

गेल्या आठवड्यात वहिनी पेढे घेऊन आल्या. नौपाड्यातल्या नव्या इमारतीचा शेवटचा स्लॅब पडला होता. मी रुळेकरांचं अभिनंदन केलं आणि म्हटलं, "चला, आता परत आपल्या घरी."

"तिकडे? वेस्टला?" त्यांनी पेढा अर्धा खाली ठेवला. "काय आहे हो तिकडे? गोखले रोडवर पाय ठेवायला जागा नाही. आणि आता सगळी बाहेरून आलेली माणसं."