काटा पळते, गाडी नाही पळत

अमरावती–अकोला रस्त्याला आता नावं ठेवता येत नाहीत, आणि त्यामुळे आमची मोठी पंचाईत झाली आहे. पूर्वी बडनेरा मागे पडलं की गाडीतला प्रत्येक जण मंत्र्यापासून मुकादमापर्यंत सगळ्यांचा उद्धार सुरू करायचा आणि तो विषय बोरगाव मंजूपर्यंत आरामात पुरायचा. ठेकेदार बदलत, खड्डे मात्र कायम नोकरीत. मग २०२२ चा जून उजाडला. ३ तारखेला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी डांबर पडायला सुरुवात झाली, ती ७ तारखेच्या संध्याकाळी ५ वाजता थांबली. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर, लोणी ते माना, आणि गिनीज बुकात नाव. आधीचा विक्रम कतारचा होता. त्यांनी २५ किलोमीटरला दहा दिवस लावले होते. आमचे ७५ किलोमीटर एका लेनचे. दोन लेनचा हिशेब केला तर साडेसदतीसच भरतात. हे तुम्हाला बाहेरच्या कोणी सांगायची गरज नाही, आमचीच माणसं पहिल्या वाक्यात सांगतील. जागतिक विक्रम झाला तरी त्यातून काहीतरी वजा केल्याशिवाय वऱ्हाडी माणसाला जेवण जात नाही.

तर रस्ता गुळगुळीत झाला, आणि गाड्यांचे लपलेले आजार बाहेर पडायला लागले.

माझा भाचा पिकअप चालवतो. अमरावतीच्या बाजारातून तुरीची पोती भरायची आणि अकोल्याच्या दालमिलवर उतरवायची, हा धंदा. गाडीच्या कागदावर दीड टन लिहिलेलं आहे. तुरीला वाचता येत नाही आणि भाच्याला वाचायचं नाही, त्यामुळे त्या आकड्याचा कोणालाच त्रास होत नाही. मे महिन्यात अकोल्याला एक साक्षगंध होतं आणि मला जायचं होतं. मी निवृत्त विज्ञान शिक्षक. फुकटची गाडी आणि पुढची सीट मिळत असेल तर तुरीसोबत जाण्यात मला कमीपणा वाटत नाही.

लोणी गेलं. भाच्याने पाचवा गिअर टाकला, स्पीडचा काटा सत्तरवर नेला आणि एका उड्डाणपुलाच्या चढावर एक्सलेटर दाबला. इंजिन एकदम किंचाळलं. गाडी मात्र आपल्याच चालीने चालत राहिली.

"मामाजी! गाडी आपोआप रेस घेऊन राह्यली!"

"काऊन बे, पाय कुठी हाय तुझा?"

"पाय जागेवरच हाय जी."

कोणता पाय आणि कोणत्या जागेवर, हा तपशील तेव्हा कोणाला महत्त्वाचा वाटला नाही.

भाच्याने सर्वात आधी गाणं बंद केलं. बिघाडावरचा हा आपल्याकडचा पहिला उपचार आहे आणि तो वाईट नाही. निदान आवाज तरी ऐकू येतो. मग त्याने वाकून एक्सलेटरखालची चटई ओढली. ही शंका तर अगदीच रास्त. २००९ साली अमेरिकेत टोयोटाने सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना सांगितलं होतं की पायाखालची चटई काढून टाका, ती सरकून एक्सलेटर दाबून धरते. त्या गाड्या आपोआप पळतात म्हणून तिकडे एवढा गदारोळ झाला, की सरकारने चौकशीला नासाचे इंजिनिअर बसवले. नासा म्हणजे चंद्रावर माणूस पाठवणारी नासा. त्यांनी दहा महिने त्या गाड्यांची इलेक्ट्रॉनिक नाडी तपासली. २०११ च्या फेब्रुवारीत निकाल आला: इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही, चटई अडकते आणि काही पेडल चिकटतात, ते मात्र खरं. आमची चटई निघून मागे तुरीवर गेली, तरी पुढच्या चढावर इंजिन पुन्हा किंचाळलं. म्हणजे नासाचा मार्ग बंद झाला. आता उरला मूर्तिजापूरचा पानठेला.

आपल्या भागात गाडी रस्त्याच्या कडेला लावून बोनट उघडलं, की कोणालाही हाक मारावी लागत नाही. माणसं आपोआप जमतात, आणि त्यातला प्रत्येक जण आपल्या धंद्यातून निदान करतो.

पानठेलेवाल्याने क्षणभरही न थांबता सांगितलं, "नजर लागली भाऊ. लिंबू-मिर्ची कवा बांधली होती?" मोबाईल दुरुस्त करणारा एक पोरगा होता. तो म्हणाला, "सेन्सर गेला. बॅटरीची वायर काढा, दहा मिनिटं ठेवा, रीसेट मारा." पोराचं अगदीच चुकत नव्हतं. नव्या गाड्यांत एक्सलेटरला वायर नसते, पेडलखाली सेन्सर असतात. पण ते मुद्दाम दोन ठेवलेले असतात, आणि दोघांची जबानी जुळेना की गाडीतला कॉम्प्युटर इंजिनाचं बळ कमी करतो. सेन्सर बिघडलेली गाडी बहुधा रडत चालते, किंचाळत नाही. हे मी पोराला समजावून सांगितलं. तेवढ्या वेळात त्याने बॅटरीची वायर काढली होती.

तिसरे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. ते डोळे मिटून म्हणाले, "पंखा हाय हा." ह्या उत्तराला मी अर्धे मार्क दिले असते. बऱ्याच डिझेल गाड्यांत रेडिएटरमागचा पंखा इंजिनाला थेट जोडलेला नसतो. मध्ये सिलिकॉनच्या दाट तेलाचा एक जोड असतो. हवा थंड असेल तर तो ढिला राहतो आणि पंखा नुसता रेंगाळतो. रेडिएटर तापला की जोड आवळतो, मग पंखा इंजिनाच्या चालीने गरगरतो आणि अशी गर्जना करतो की ड्रायव्हरला वाटावं कोणीतरी रेस दिली. अकोल्याच्या मे महिन्यात हा जोड ढिला व्हायला सवडच मिळत नाही. पण पंखा फक्त आवाज करतो. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तो हलवत नाही, आणि आमचा काटा तर टणकन उडी मारत होता.

खरी भीती घातली ट्रॅक्टरवाल्याने. "टर्बो गेला, बाप्पा! इंजिन आता आपलंच ऑइल पिऊन राह्यलं. चाबी काढली तरी बंद नाही होत. वर्धेकडं एकाचं फाटलं होतं." वर्धेच्या इंजिनाची हमी मी देत नाही, पण असा प्रकार खरंच होतो. टर्बोचं सील फुटलं की इंजिनाचं ऑइल हवेबरोबर आत ओढलं जातं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, मिळेल ते तेल जाळून ते पळत सुटतं आणि चावीला अजिबात जुमानत नाही. अशा वेळी एक तर हवेची वाट बंद करायची, नाहीतर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन दाबून मारायचं. ट्रॅक्टरवाल्याने हा दुसरा उपाय भाच्याला हातवारे करून शिकवला. त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. ह्या उपायाला क्लच शाबूत लागतो, आणि आमच्या गाडीत नेमका तोच शिल्लक नव्हता.

शिवाय टर्बो गेला तर मागे धुराचा लोट उठतो. आमच्यामागे धूर नव्हता, फक्त हॉर्न होते.

शेवटी कोणीतरी एका मिस्त्रीला मोटरसायकलवर बसवून आणलं. म्हातारा माणूस. त्याने बोनटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दार उघडून ड्रायव्हरच्या पायाशी वाकला, जरा वास घेतला आणि भाच्याला म्हणाला,

"नुस्ता आवाज वाढते का काटा बी वाढते?"

"दोनी वाढते जी."

"अन् इस्पीड?"

भाचा गप्प झाला. जमलेली मंडळीही गप्प झाली. एवढे तज्ज्ञ जमले होते, पण हा प्रश्न एकाच्याही तोंडून निघाला नव्हता.

"इस्पीड तं उलटा कमी होते."

"मंग बोनट कायले उघडलं बे? इंजिन चांगलं हाय. त्याचं जोर चाकापर्यंत जाऊनच नाही राह्यलं."

दोन काट्यांत सगळं निदान आहे, आणि ते एवढं सोपं आहे की मला बत्तीस वर्षं फळ्यावर घर्षण शिकवल्याची जरा लाज वाटली. फेऱ्यांचा काटा आणि स्पीडचा काटा दोन्ही सोबत चढत असतील तर इंजिनाला जास्त तेल मिळतंय. चटई, पेडल, पंप, टर्बो तिकडे शोधा. दोन्ही जागेवर आणि नुसता आवाज असेल तर पंखा. फेऱ्या चढतात आणि स्पीड चढत नाही, तर क्लच. क्लच म्हणजे तरी काय, स्प्रिंगच्या जोरावर एकमेकींना चिकटलेल्या चकत्या. अस्तर झिजलं की पकड कमी होते. इंजिनाने थोडा जोर लावला तर निभतं, पण वरचा गिअर, भरलेली गाडी, चढ आणि त्यात टर्बोचा रेटा हे चारही एकत्र आले की चकती घसरते. इंजिन एकटंच पुढे पळतं आणि गाडी मागे राहते.

मिस्त्रीने खात्री करून दाखवली. हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला, जरा रेस देऊन क्लच हळूहळू सोडला. धडधाकट गाडी अशा वेळी गचका खाऊन बंद पडते. आमची पूर्ण क्लच सुटला तरी गुणगुणत उभी होती. जळका वास पानठेल्यापर्यंत गेला. "आता हे पुन्हा करून नोको पाहू," तो भाच्याला म्हणाला, "राह्यलं साह्यलं अस्तर बी जळन."

एवढ्यावर तो थांबता तर बरं झालं असतं. त्याने खाली बोट दाखवलं. एक्सलेटरच्या पेडलवरच्या रबराची नक्षी शाबूत होती. क्लचच्या पेडलवरचं रबर पार घासून सपाट झालेलं.

"डावा पाय कुठी ठेवतो बे?"

आता तो तपशील महत्त्वाचा झाला. भाचा डावा पाय कायम क्लचवर ठेवतो. दाबत नाही, नुसता टेकवतो. पण टेकवलेल्या पायाचंही वजन असतं. स्प्रिंगची पकड तेवढ्याने सैल होते, चकती बारीक बारीक घासत राहते आणि रिलीज बेअरिंग विनाकारण फिरत राहतं. त्या पायाचाही मी पूर्ण दोष मानत नाही. भाचा गाडी शिकला ती जुन्या रस्त्यावर. तिथे दर शंभर पावलांवर खड्डा, प्रत्येक खड्ड्याला क्लच, गिअर, पुन्हा क्लच. पाय खाली उतरवून परत वर आणण्यापुरती उसंतच नव्हती, म्हणून तो तिथेच राहायला गेला. २०२२ मध्ये रस्ता बदलला, पण पायाला कोणी कळवलं नाही.

आणि गंमत पाहा. क्लच खाल्ला खड्ड्यांनी आणि तो खाल्लेला क्लच झाकूनही ठेवला खड्ड्यांनीच. तिसऱ्या गिअरच्या वर जायची सोय नव्हती, तिशी-पस्तिशीच्या वर काटा जात नव्हता, मग चकती घसरणार कधी? विक्रमी रस्त्याने सत्तरची परवानगी दिली आणि दुखणं पहिल्याच चढावर उघडं पडलं. रस्ता खराब असतानाच बरं होतं, असं भाचा आजही म्हणतो. तो चिडून म्हणतो, पण शास्त्राच्या दृष्टीने त्याचं म्हणणं खोडता येत नाही.

हे सगळं मूर्तिजापुरात व्हावं, हेही चांगलंच. इथूनच एका बाजूला यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूला अचलपूरला जाणारी आमची शकुंतला रेल्वे सुटायची. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं, आणि त्याला क्लच नव्हता. वाफेचं इंजिन उभ्या जागीच पूर्ण जोर लावू शकतं, म्हणून त्याला चाकांपासून सोडवायची कधी गरज पडत नाही. डिझेलच्या इंजिनाला ते जमत नाही. गाडी उभी असतानाही ते फिरतंच ठेवावं लागतं, म्हणून मध्ये क्लच आला, आणि त्याच्यासोबत भाच्याचा डावा पाय आला. शकुंतला रेस घेते अशी तक्रार मी हयातीत कोणाकडून ऐकली नाही. ती पोचत नाही, अशा मात्र पुष्कळ ऐकल्या.

मिस्त्रीने दोनच गोष्टी सांगितल्या: तिसऱ्याच्या वर गिअर नको, एक्सलेटर जोरात दाबायचा नाही. बॅटरीची वायर परत जोडून घेतली आणि आम्ही निघालो. उरलेला रस्ता पस्तीसच्या गतीने कापत अकोल्यापर्यंत गेलो. मागून येणारा प्रत्येक जण हॉर्न वाजवून आमच्याकडे बघायचा. साक्षगंध हुकलं, पंगत मिळाली.

दुसऱ्या दिवशी अकोल्यात गिअरबॉक्स उतरला. चकतीचं अस्तर रिबिटांपर्यंत आलेलं, फ्लायव्हील तापून निळं पडलेलं. इंजिनाच्या मागच्या सीलमधून ऑइल गळालं असतं तर दोष सीलवर ढकलता आला असता, पण ते कोरडं ठणठणीत निघालं. सगळा गुन्हा पायावरच सिद्ध झाला. भाच्याला वाटलं, नुसती क्लच प्लेट बदलू, बाकीचं नंतर बघू. मी त्याला तिथेच गप्प केलं.

तुमची गाडी रेस घेत असेल तर पानठेल्यावर थांबायच्या आधी दोन काटे बघा, आणि डावा पाय क्लचच्या बाजूच्या मोकळ्या जागेत ठेवा. ती जागा त्यासाठीच आहे. दुरुस्ती निघालीच तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला, फ्लायव्हील तपासून घ्या. एकच वस्तू बदलून वाचवलेले पैसे गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवायच्या मजुरीत जातात.