पितृपक्षात निघू नये

आमच्या भाच्याला दुबईत नोकरी लागली तेव्हा ताईच्या घरी पेढ्यांच्या आधी सल्ले पोचले. ‘दुबईत पगारावर टॅक्सच नाही, मग भरणार कुठे?’ हा भाऊजींचा. ‘एकदा एनआरआय झालास की इथला इन्कम टॅक्स तुझं काही वाकडं करू शकत नाही,’ हा सोसायटीच्या सेक्रेटरींचा. त्यांचा मेव्हणा मस्कतला असतो, त्यामुळे अख्खं आखात त्यांच्या अखत्यारीत येतं. विमा एजंटाने सल्ल्याबरोबर पॉलिसीही आणली होती. सीएला विचारावं, असं मी सुचवून पाहिलं. ‘त्यात विचारायचं काय? उगाच फी मोजा!’ असं म्हणून भाऊजींनी मला गप्प केलं.

कंपनीने १५ सप्टेंबर २०२५ ला रुजू व्हायला सांगितलं होतं. ताईने भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं आणि मटकन खालीच बसली. पितृपक्ष! सर्वपित्री २१ ला, दुसऱ्या दिवशी घट बसणार, आणि घरात घट असताना लेकराने उंबरा ओलांडायचा कसा? गुरुजींनी पाचशे एक दक्षिणा घेऊन दसरा काढून दिला. साडेतीन मुहूर्तांतला तो एक, हे कुणीही फुकटात सांगितलं असतं, पण ते असो. कंपनीने मान डोलावली आणि २ ऑक्टोबरला रात्री भाचा खिशात आपट्याचं पान घेऊन उडाला.

यंदा रिटर्नची वेळ आली तेव्हा झक मारत सीएंना घरी बोलवावं लागलं. पगार किती, खातं कुठलं, काही न विचारता त्यांनी विचारलं, ‘गेला कधी?’ मग बोटांच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली. एप्रिल तीस, मे एकतीस… सप्टेंबरअखेर १८३. वरचे दोन. एकूण १८५.

कायद्याचा आकडा १८२ आहे. आर्थिक वर्षात तेवढे दिवस भारतात काढलेत की तुम्ही निवासी. नोकरीसाठी देश सोडणाऱ्यालाही त्या वर्षापुरती हीच मर्यादा. म्हणजे २८ सप्टेंबरपर्यंत विमान पकडलं असतं तर पोरगा सुटला असता. निघाल्याचा दिवस मोजायचा की नाही, यावर ट्रायब्युनलपर्यंत भांडणं गेली आहेत, पण इथे तो एक दिवस वजा करूनही भागत नाही. आजवरचा सगळा जन्म पुण्यात गेलेला, म्हणजे निवासी तोही साधासुधा नाही, पक्का. तेव्हा ऑक्टोबर ते मार्चचा दुबईचा पगार इथल्या उत्पन्नात धरायचा, आणि तिथलं पगाराचं खातंही रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या रकान्यात दाखवायचं.

‘पण दोन देशांत दुहेरी कर टाळायचा करार आहे ना?’ भाऊजींनी व्हॉट्सॲपवरचं ज्ञान बाहेर काढलं. आहे की. पण त्या करारासाठी अमिरातीचा रहिवासी ठरायला तिथे कॅलेंडर वर्षात १८३ दिवस राहावं लागतं. आपलं वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यांचं जानेवारीला. दसऱ्याला पोचलेला माणूस ३१ डिसेंबरपर्यंत १८३ दिवस आणणार कुठून?

गंमत म्हणजे बँकेच्या लेखी तो ज्या दिवशी नोकरीला निघाला त्याच दिवसापासून अनिवासी. तिथे परकीय चलनाचा फेमा कायदा चालतो. बचत खात्याचं एनआरओ करून घ्या, असं बँकेचं पत्र केव्हाच येऊन पडलंय. एकच माणूस, एकच पासपोर्ट. बँकेसाठी दुबईचा आणि इन्कम टॅक्ससाठी सदाशिव पेठेतला.

सेक्रेटरी तिथेच बसले होते. त्यांचा मस्कतवाला मेव्हणा दरवर्षी आंब्याला येतो तो गणपती विसर्जन करूनच जातो. इथे तीन फ्लॅटचं भाडं आणि शेअर्स मिळून वर्षाला १५ लाखांच्या वर येतं. सीएंनी सहज म्हणून सांगितलं, की इथलं उत्पन्न तेवढं असलं तर २०२० च्या बजेटपासून पाहुण्यांची मर्यादा १८२ वरून १२० दिवसांवर आली आहे. मागच्या चार वर्षांतले दिवस ३६५ भरले, आणि याचे भरणारच, की तोही निवासी. मात्र ‘सामान्यतः निवासी नसलेला निवासी’. तिथला पगार वाचतो, पण अनिवासी हा शिक्का जातो. ‘निवासी नसलेला निवासी’ हे वर्णन मी आजवर फक्त फिरतीच्या नोकरीतल्या नवऱ्यांना लागू पडताना पाहिलं होतं. सेक्रेटरी ‘एक फोन करून येतो’ म्हणून जे उठले ते परत आलेच नाहीत.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, त्याने तरी काही सुटेल का, असं ताईने विचारलं. रिटर्नचं वर्ष जुन्या कायद्यातलं, आणि नव्यातही १८२ च.

तरीही भाऊजींना १८५ मान्य नव्हते. पासपोर्टवरचा शिक्का पुसट आहे, म्हणाले, कशावरून तो आधीच गेला नसेल? ताई आत गेली आणि फळीवर डब्यांखाली अंथरलेलं गेल्या वर्षीचं कालनिर्णय घेऊन आली. ऑक्टोबरच्या पानामागे तिचा दुधाचा हिशेब होता. एक तारखेला दीड लिटर, दोन तारखेला श्रीखंडामुळे दोन लिटर, आणि तीनपासून महिनाअखेरपर्यंत सगळीकडे एक.