रंगेल उमरावावर सूड कसा उगवावा

सूडाच्या प्रेमकथेला आधी लायक पुरुष लागतो. तो रंगेल हवा, पदवीवाला हवा आणि त्याच्या भूतकाळात काहीतरी काळेबेरे असल्याची कुजबुज हवी. ते काय, हे त्याने सांगू नये आणि तुम्हीही विचारू नये. विचारलेत तर तो सांगून टाकेल आणि तीन खंडांचा मजकूर एका संध्याकाळी संपेल.

असा नमुना पाहायचा असेल तर १८१२ च्या मार्चमधले लंडन गाठावे. लॉर्ड बायरनचे ‘चाइल्ड हॅरॉल्ड’ हे काव्य त्या महिन्यात आले आणि हातोहात खपले. खिन्न, तुटक, कसल्याशा पापाने पोळलेला नायक बड्या घरांच्या दिवाणखान्यांत शिरला. हा नायक म्हणजे मी नव्हे, असे कवीने प्रस्तावनेतच बजावले होते. पण प्रस्तावना वाचतो कोण?

सूड घेणारी विवाहित असल्यास बरे. समजूतदार नवरा फार उपयोगी पडतो. बायरनच्या प्रेमात पडलेल्या लेडी कॅरोलाइन लॅम यांचे यजमान विल्यम पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले. कटकटी शांतपणे ऐकून घेण्याचा सराव घरीच झाला असावा.

प्रेमप्रकरण थोडक्यात उरकावे. बायरनने ते काही महिन्यांत उरकले. त्यात त्याची सल्लागार कोण? कॅरोलाइनची सासू, लेडी मेलबर्न. पुढे त्याने लग्न केले तेही सासूबाईंच्या भाचीशी. म्हणजे प्रियकर गेला तो गेला, वर नात्यात येऊन बसला. सासू या विषयावर मराठी वाचकाला अधिक मार्गदर्शनाची गरज नसावी.

आता होळी. डिसेंबर १८१२ मध्ये कॅरोलाइनने सासरच्या ब्रॉकेट हॉलच्या आवारात बायरनचा पुतळा जाळला. पांढऱ्या कपड्यांतल्या गावच्या मुली भोवती नाचत होत्या. त्याची पत्रेही आगीत पडली, पण त्या नकला होत्या. अस्सल पत्रे बाईंनी जपून ठेवली होती. हा धडा गाठीशी बांधावा. संतापाच्या भरातही ज्या बाईला आधी नकला करून ठेवायचे सुचते, तिला वेडी म्हणणारे लोक जरा उतावळेच म्हणायचे. ‘बायरनवर विश्वास ठेवा’ हे त्याच्या घराण्याचे ब्रीद. बाईंनी नोकरांच्या बटणांवर ते उलटे करून कोरून घेतले: विश्वास ठेवू नका. खर्च बेताचा आणि जाहिरात रोजची.

एवढ्यानेही तो बधला नाही तर कादंबरी लिहावी. बायको सोडून गेली, बदनामी झाली आणि एप्रिल १८१६ मध्ये बायरनने इंग्लंड सोडले. मे महिन्यात ‘ग्लेनार्व्हन’ बाजारात हजर. लेखिकेचे नाव नाही, पण ते सगळ्यांना ठाऊक. जपून ठेवलेल्या पत्रांपैकी एक त्यात थेट खलनायकाच्या हातून लिहवले होते. शेवटी खलनायक समुद्रावर भ्रमिष्ट होऊन मरतो. मात्र नायिका त्याच्या आधीच मरते, आणि सूडाच्या दृष्टीने ही मांडणी मला पटलेली नाही. कुणीतरी किनाऱ्यावर उभे राहून बघायला नको का?

आणखी एक पथ्य: एका वेळी एकालाच झोडपावे. कॅरोलाइनने ओघाओघात लेडी जर्सींनाही रंगवले. त्या आल्मॅक्सच्या सभागृहाच्या कारभारणींपैकी एक. दर बुधवारी तिथे नाच होई आणि या बायकांनी परवाना दिल्याखेरीज आत पाऊल टाकता येत नसे. कॅरोलाइनचे नाव तिथून कटले. तिथले खाणे म्हणजे पातळ कापलेला पाव, लोणी आणि लिंबाचे सरबत, त्यामुळे पोटाचे नुकसान झाले नाही. पण समाजातून उठवल्यासारखेच ते होते.

आणि शिकार, म्हणजे बायरन? त्याने मित्राला कळवले, की चित्र हुबेहूब उतरणार कसे, मी समोर पुरेसा वेळ बसलोच नव्हतो. त्याचा डॉक्टर पोलिडोरी याने रक्तपिपासू उमरावाची गोष्ट लिहिली, तेव्हा त्या पिशाचाला नाव दिले रुथव्हेन. ते ‘ग्लेनार्व्हन’मधून उचललेले. गोष्ट १८१९ मध्ये छापून आली ती मात्र बायरनच्या नावावर, म्हणून तीही तडाख्याने गाजली. ज्या मासिकात ती आली, ते हेन्री कोलबर्न यांचे. ‘ग्लेनार्व्हन’चे प्रकाशकही तेच. या साऱ्या प्रकरणात दोनदा नफा झालेले गृहस्थ एवढे एकच. तेव्हा हस्तलिखित पाठवण्याआधी करारातला मानधनाचा रकाना नीट वाचावा.