बी थुंका!

जोयड्याहून दांडेलीला जाणाऱ्या बसमध्ये कुणी सफरचंद काढलं की हे गृहस्थ जागा बदलून त्याच्या शेजारी येऊन बसतात. फळ संपत येईपर्यंत बोलत नाहीत. तेवढा संयम त्यांच्याकडे आहे. दात गाभ्यापाशी पोचले की मात्र हळूच विचारतात, "बी चावलीत?"

गावात त्यांना सायनाइडमामा म्हणतात. (तोंडावर नुसतं मामा.) माणसाला जन्मात एकच गोष्ट नीट कळावी आणि नेमकी तीच विषाची निघावी, हा योग फार थोड्यांच्या पत्रिकेत असतो.

मामांचं म्हणणं खरं असतं, पंचाईत तीच आहे. खोटं बोलणाऱ्याला गप्प तरी करता येतं. सफरचंदाच्या बीत अ‍ॅमिग्डालिन असतं आणि त्याला फोडणारी विकरंही असतात, पण दोघांची बिऱ्हाडं वेगळी. बी अख्खी गिळली तर तशीच पार होते. चावली की मधल्या भिंती पडतात, विकरं आधी साखर तोडतात, मग उरलेल्याचे दोन तुकडे करतात: एक कडू बदामाचा वास आणि दुसरा हायड्रोजन सायनाइड. हे समजावताना मामा डावी मूठ अ‍ॅमिग्डालिनची आणि उजवी विकराची धरून एकमेकींवर आपटतात. एकदा आवाज इतका मोठा झाला की कंडक्टरने शिट्टी मारली आणि बस भर रानात थांबली. उतरायला कुणी उठेना. तेवढ्या वेळात मामांनी १८३७ साल सांगून घेतलं. त्या साली व्होलर आणि लीबिग यांनी बदामातल्या विकराने अ‍ॅमिग्डालिन फुटतं हे दाखवलं. मामा त्यांची नावं अशी घेतात, की दोघे रामनगरकडचे असावेत.

चार बिया चावून धडधाकट माणसाला काही होत नाही, थोडंथोडकं सायनाइड शरीरातलं ऱ्होडेनीज हे विकर निकालात काढतं, हेही मामांना ठाऊक आहे. ते सांगत नाहीत. सांगितलं तर पुढचं सफरचंद त्यांना विचारून कोण खाईल? जर्दाळूच्या कडू बियांबद्दल मात्र त्यांचं ऐकावंच. त्यांच्यातलं हेच अ‍ॅमिग्डालिन कॅन्सरवरचं 'व्हिटॅमिन बी-१७' म्हणून अमेरिकेत खपवलं गेलं. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या, मेयो क्लिनिकच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत त्याचा काडीचा उपयोग दिसला नाही. कुणी तसला मेसेज पाठवला की मामा उलट फोन करून झाडतात. तेवढं पुण्य त्यांच्या खात्यावर जमा.

पण सफरचंद, पीच, जर्दाळू ही सगळी थंड मुलखातली मंडळी. जोयड्यात फणस, कोकम आणि कंद. मामांचं विष ट्रकमधून येतं. सफरचंद महागलं की त्यांचं समाजकार्य थंडावतं.

अशाच एका मंदीच्या श्रावणात कारवारला बी.एस्सी. करणारी भाची जेवायला होती. पानात बांबूच्या कोंबांची भाजी. ती सहज म्हणाली, "मामा, कोंबात टॅक्सिफायलिन असतं. तुमच्या अ‍ॅमिग्डालिनच्याच भावकीतलं. कच्चा कोंब चिरला की सायनाइड सुटतं."

मामांचा घास हातातच राहिला. ही भाजी ते जन्मभर मागून वाढून घेत आले होते.

"भिजवून पाणी ओतून दिलंय, वर उकळलंय," मामी आतून म्हणाल्या. "जेवा."

"उकळल्यावर जातंच ते," भाची म्हणाली. "सव्वीस अंशांना त्याची वाफ होते."

दुसरा कुणी असता तर वरमला असता. मामांनी भाजी संपवली, हात धुतला आणि म्हणाले, "हेच मी इतकी वर्षं सांगतोय."

तेव्हापासून ते पावसाळ्यात बाजारात कोंब विकणाऱ्या बायांपुढे उभे दिसतात. परवा एका कुणबी मावशीपुढे मुठी आपटून झाल्या. तिचे कोंब चिरून, भिजवून निथळत ठेवलेले होते. भाव ऐकून मामा उखडले.

"मावशी, विष असलेल्या मालाला एवढे पैसे?"

"विष काढलंय बाबा," ती म्हणाली. "त्याचेच घेते."

मामांनी मुकाट्याने पैसे मोजले. मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला मात्र सांगितलं, "बिनघोर घ्या. हिला मी सगळं शिकवलंय."