घड्याळाशेजारच्या रक्षकास अनावृत पत्र

प्रति,
श्री. अँटिव्हायरस (मुदत संपलेले),
मुक्काम : टास्कबारचा उजवा कोपरा, घड्याळाशेजारी.

स. न. वि. वि.

आपण आमच्या संगणकात आलात ते न बोलावता. दुकानातून खोकं घरी आलं तेव्हा आपण आधीपासूनच आत होतात. फुकट चाचणीची मुदत संपली आणि आपल्या आवाजाला धार आली. लाल खिडकी, उद्गारचिन्ह, ‘तुमचा संगणक धोक्यात आहे!’ वीजबिल भरायला बसावं तर त्याच्या डोक्यावर ही खिडकी. धोका होताच म्हणा, फक्त तो कुठे आहे हे आपण सांगत नव्हतात.

मग एके दिवशी इंटरनेट बंद पडलं. आपल्यावर संशय घेण्याचं पाप घरात कुणीच केलं नाही. पहिला बळी नेटवाला पोरगा. तो बिचारा भर उन्हात गच्चीवर चढला, केबल पाहिली, राउटर बंद करून चालू केला (या विद्येला आजही तोड नाही) आणि ‘काका, लाइन ओके आहे, लोचा तुमच्या पीसीत आहे’ म्हणून निघून गेला. त्याचं कोण ऐकतो! कस्टमर केअर, तक्रार क्रमांक, पुन्हा तोच पोरगा. चोर सोडून संन्याशाला फाशी. वास्तविक राउटरचे दिवे हिरवे होते आणि त्याच वायफायवर घरातल्या मोबाइलमध्ये कीर्तनापासून क्रिकेटपर्यंत सगळं सुखेनैव चालू होतं.

काळ्या खिडकीत पिंग टाकून पाहिलं. ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याकडून उत्तर आलं, एकही पाकीट गहाळ नाही. ब्राउझर मात्र कोरा. म्हणजे तार शाबूत, राउटर शाबूत, अडवणारा घरातच.

आपलं ते ‘वेब शील्ड’ काय करतं, हे तेव्हा नीट कळलं. साइट आणि ब्राउझर यांच्या मधोमध आपण बसता. सांकेतिक करून पाठवलेला मजकूर स्वतः उलगडता, चाळता आणि वर स्वतःचं प्रमाणपत्र लावून पुढे सरकवता. हेच एखाद्या भुरट्याने केलं तर त्याला हल्ला म्हणतात. आपण केलं की ‘प्रगत संरक्षण’. असो. परवाना संपल्यावर ती मधली खुर्ची रिकामी करायची, तर आपण तिच्यावरच झोपलात. जागे झालात ते एवढंच सांगायला, की ‘नूतनीकरणासाठी कृपया इंटरनेट जोडणी तपासा.’

आपलं घराणंच थोर. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकअफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधली एसव्हीसीहोस्ट ही विंडोजचीच फाइल विषाणू ठरवून कोंडून ठेवली. संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले आणि नेटवर्क गेलं ते गेलंच. १९ जुलै २०२४ रोजी कंपन्यांकडे नोकरीला असलेले आपले थोरले बंधू क्राउडस्ट्राइक यांनी तर एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी केली. हा आकडा मायक्रोसॉफ्टचा. त्या दिवशी भारतातल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. मॅकअफीच्या वेळी तिथे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते जॉर्ज कर्ट्झ. क्राउडस्ट्राइकच्या वेळी तिथे सीईओ कोण, तर तेच. योगायोग, दुसरं काय!

शेवटी कंट्रोल पॅनेलमधून आपल्याला रीतसर निरोप दिला. जाता जाता आपण विचारलंत, ‘तुम्ही आम्हाला का सोडून जात आहात?’ अहो, जात आपण होतात! रीस्टार्ट केलं आणि आता पिंगसुद्धा बंद. खोली सोडताना दाराला स्वतःचं कुलूप ठोकून जाणाऱ्या भाडेकरूंपैकी आपण निघालात. नेटवर्क अडॅप्टरच्या प्रॉपर्टीज उघडल्या, तर तिथल्या यादीत आपल्या फिल्टर ड्रायव्हरचं नाव शाबूत, शेजारच्या चौकोनात बरोबरची खूणही तशीच. प्रोग्रॅम गेला, पहारा चालूच.

आपल्याला मुळासकट काढायचं तर आपल्याच कंपनीचं वेगळं रिमूव्हल टूल लागतं, आणि ते मिळतं कुठे? इंटरनेटवर. ते मोबाइलवर उतरवलं, पेन ड्राइव्हने आणलं, सेफ मोडमध्ये चालवलं, वर विनसॉक रीसेटची आज्ञा दिली. रीस्टार्टनंतर ब्राउझर पहिल्या झटक्यात उघडला. आपण असताना अदबीने बाजूला उभा राहिलेला विंडोजचा डिफेंडर कुणी न सांगता कामावर रुजू झाला. विंडोज ८ पासून हा गडी विंडोजमध्येच बसवलेला असतो, वेगळी दमडी न घेता. त्या सगळ्या लाल खिडक्यांमधून ही बातमी तेवढी आपल्याकडून राहून गेली. कामाचा व्याप मोठा, चालायचंच.

कळावे,
आपला असुरक्षित,
एक माजी ग्राहक

ता. क. : आपल्या कंपनीचं ‘परत या, खास सवलत’ असं ईमेल आलं होतं. ईमेल सेवेने ते परस्पर स्पॅममध्ये टाकलं.