वाघाच्या पंगतीत बैल

"भाऊजी, या जरा भिंतीपाशी. धाकट्या भावाचा फोन होता भंडाऱ्याहून. शंकरपटात पळवायला बैलजोडी तयार केली म्हणते. म्या म्हटलं, बापा, बंदी होती नं? पोलीस नेतीन धरून!"

"उठली ती, वहिनी. 18 मे 2023 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं."

"मंग बंद काऊन केला होता? पोळ्याले त्याच बैलाले पुरणपोळी चारतो आपण."

"चारता, अन् पटात शेपटी पिरगाळता. प्राण्यांच्या छळाविरुद्ध केंद्राचा 1960 चा कायदा आहे. 2011 साली पर्यावरण मंत्रालयानं खेळ-तमाशाला बंदी असलेल्या वाघ, सिंह, अस्वल, माकडांच्या यादीत बैलही घातला. 2014 ला सुप्रीम कोर्टानं तेच धरलं. तमिळांचा जल्लीकट्टू गेला, आपला पटही गेला."

"वाघाच्या पंगतीत बैल! तान्ह्या पोळ्याले पोट्टे लाकडाचे बैल आपल्या बडकस चौकात नेतात, त्याईचं काय?"

"लाकडाला सूट आहे."

"अन् मुंबईचं सरकार गप्प बसलं?"

"गप्प कसलं! पण छळाचा विषय समवर्ती सूचीतला, केंद्राचा अन् राज्याचा दोघांचा. कायदे भिडले की केंद्राचा वरचढ. राज्याला आपलंच चालवायचं तर राष्ट्रपतींची संमती लागते. 2017 ला विधिमंडळानं केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती केली, काही महिन्यांत संमती आली. तरी कोर्टकचेरीत पटाला परवानगी मिळायला 2021 चा डिसेंबर उजाडला."

"संमती तं लवकर आली म्हणायची."

"नेहमी नाही येत. बैल-वळूंच्या कत्तलबंदीचं बिल 1995 ला पास झालं, संमती 2015 ला."

"वीस वर्षं! बैलाच्या चार पिढ्या गेल्या असतीन."

"बैलाला पिढ्या कुठून, वहिनी?"

"गाईच्या म्हणते मी. शब्द नका धरू."

"बरं. त्यातलंही एक कलम 2016 ला मुंबई हायकोर्टानं काढलं. परराज्यात कायद्यानं कापलेलं गोमांस नुसतं जवळ बाळगलं तर गुन्हा नाही. कोणाच्या घरात काय शिजतं, तिथे सरकारनं डोकावू नये, असं कोर्टाचं म्हणणं. तुमचा नातू कॅलिफोर्नियात नं? तिथे उलटं झालं. 2018 ला लोकांनी मतदानानं ठरवलं, डुकरिणीला निदान 24 चौरस फूट जागा दिली नसेल तर ते मांस आमच्याकडे विकायचं नाही, डुकरं कुठल्याही राज्यातली असोत."

"24 फूट? आमच्या वाड्यातल्या मोरीले बी येवढी जागा नाही!"

"डुकरं पाळणारे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेले अन् हरले. आपल्या पटाच्या निकालाच्या आठवडाभर आधी. आता ते तिथल्या संसदेच्या मागे लागलेत, राज्यांना असे नियमच करता येऊ नयेत असा कायदा आणा म्हणून."

"मंग तिकडे बी वीस वर्षं थांबा."

"राष्ट्राध्यक्षाला सहीसाठी दहा दिवस, रविवार सोडून. आपल्याकडे राज्याच्या बिलावर राष्ट्रपतींना मुदतच घातलेली नाही. ते असो, भावानं जिल्हाधिकाऱ्याची परवानगी काढली का? हजार मीटरच्या वर पळवायचं नाही, काठी-चाबूक नाही. बैलाला दुखापत केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद."

"पाच लाख? थांबा, फोन लावते त्याले आधी."